चिमूटभर मीठ, कोमट पाणी

पावसाळा सरला, हवेत गारवा आला आणि नाके चोंदू लागली, की पुष्कळ घरांत कपाटाच्या मागच्या बाजूला पडलेला एक छोटा, लांब तोटीचा लोटा बाहेर निघतो. हे जलनेतीचे पात्र. योगवर्गात, शिबिरात किंवा शेजारच्या काकांकडून त्याच्या वापराची जी माहिती मिळते ती बहुधा एका वाक्यात संपते : कोमट पाणी घ्यावे, त्यात चिमूटभर मीठ टाकावे, एका नाकपुडीतून सोडावे आणि दुसरीतून बाहेर काढावे. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला योगदिन साजरा होऊ लागल्यावर हे वाक्य शाळांपर्यंतही पोहोचले आहे.

या क्रियेबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती वाक्यातल्या दोन शब्दांबद्दल, 'चिमूटभर' आणि 'कोमट' या शब्दांबद्दल. पहिल्या शब्दामुळे जलनेती विनाकारण त्रासाची होते. दुसऱ्यामुळे ती क्वचित, अगदी क्वचित, जिवावरही बेतू शकते. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने यात नाक का खुपसावे असे कोणी विचारील. पण 'किती?' आणि 'किती अंश?' हे दोन प्रश्न विचारणे हाच तर आमचा धंदा आहे!

आधी नाकाचे काम पाहू. माणूस दिवसभरात साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. ही हवा फुप्फुसांत जाण्यापूर्वी गरम करणे, ओली करणे आणि गाळणे ही तिन्ही कामे नाक करते. गाळण्यासाठी त्याच्या आतल्या अस्तरावर चिकट द्रवाचा पातळ थर पसरलेला असतो. यालाच आपण तिरस्काराने शेंबूड म्हणतो. धूळ, परागकण, जंतू त्याला चिकटतात. मग हा थर साचून कसा राहत नाही? अस्तरातील पेशींवर अत्यंत सूक्ष्म केस असतात, त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. त्या सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने वल्ह्यासारख्या हलतात आणि वरचा चिकट थर घशाकडे ढकलतात. मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने हा सरकता पट्टा रात्रंदिवस चालू असतो. डॉक्टर त्याची परीक्षाही घेतात. नाकात पुढच्या बाजूला सॅकरीनचा कण ठेवायचा आणि घशात गोड चव केव्हा लागते ते घड्याळावर पाहायचे. निरोगी नाकात दहा ते वीस मिनिटांत चव लागते. अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला तर पट्टा मंदावला आहे असे समजतात.

कपाळात, गालांत आणि डोळ्यांच्या आतल्या बाजूंना हाडांमध्ये ज्या पोकळ्या असतात त्यांना नासाकोटरे म्हणतात. हीच आपली 'सायनस'. त्यांनाही असेच अस्तर असते आणि त्यांतील द्राव बारीक छिद्रांवाटे नाकात येतो. यातही गालाच्या कोटराची रचना मोठी विचित्र आहे. त्याचे छिद्र तळाशी नसून वरच्या बाजूला आहे. मोरी तळाला ठेवण्याऐवजी भिंतीत वर ठेवली तर जे होईल तेच इथे व्हायला हवे होते. ते होत नाही, कारण पक्ष्माभिका द्राव गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढवून छिद्रापर्यंत नेतात. सर्दीने अस्तर सुजले, छिद्र बुजले आणि पक्ष्माभिका थकल्या, की द्राव आत अडकतो. मग गाल ठणकतात आणि वाकले की डोके जड होते.

म्हणूनच 'जलनेतीने सायनस धुऊन निघते' हे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. शस्त्रक्रिया न झालेल्या नाकात बाहेरून सोडलेले पाणी या बारीक छिद्रांतून कोटरांत फारसे शिरत नाही. धुतला जातो तो नाकाचा रस्ता. घट्ट झालेला द्राव सैल होतो, धूळ आणि परागकण वाहून जातात, छिद्रांच्या तोंडाशी साचलेला कचरा निघतो आणि मग कोटरे आपली आपण रिकामी होऊ लागतात. घर झाडण्याऐवजी दारासमोरचा ढीग हलवण्यासारखे हे आहे. पण दारच अडले असेल तर तेही काही थोडके नव्हे.

ही क्रिया किती जुनी? पंधराव्या शतकातल्या 'हठप्रदीपिके'त नेती आहे, पण ती सुताची. नाकातून दोरा घालून तोंडावाटे काढण्याची! पाणी येते ते पुढे 'घेरण्डसंहिते'त, आणि तेही नेती या नावाखाली येत नाही. नाकाने पाणी ओढून तोंडाने टाकण्याची क्रिया तेथे कपालभातीचा एक प्रकार म्हणून सांगितली आहे. आज आपण करतो ती तोटीच्या लोट्याची सौम्य रीत तिच्याच जवळची. या क्रियांना प्रयोगशाळेत आणण्याची कल्पना मात्र आपल्या महाराष्ट्रात रुजली, हे सांगताना मला अभिमान वाटतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजण्यास आरंभ केला. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्यांचे संशोधनाचे नियतकालिकही सुरू झाले. म्हणजे योग आणि मोजमाप यांचे वैर नाही. 'चिमूटभर' म्हणणारे आपण त्या परंपरेच्या मागे आहोत.

परदेशातही या क्रियेची परीक्षा झाली आहे. २००२ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये कोटरांच्या वारंवार होणाऱ्या दाहाने त्रासलेल्या ७६ प्रौढांवर सहा महिने प्रयोग केला गेला. त्यांपैकी ५२ जणांना रोज मिठाच्या पाण्याने नाक धुण्यास सांगितले होते. उरलेल्यांना नेहमीचेच उपचार चालू होते. धुणाऱ्यांचा त्रास कमी झाला आणि त्यांना औषधेही कमी लागली. पुढे २०१६ साली कॉक्रेन या संस्थेने अशा सर्व चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा निष्कर्ष सावध निघाला : फायदा दिसतो, पण अभ्यास थोडे आहेत आणि पुराव्याचे बळ कमी आहे. मला हा निष्कर्ष प्रामाणिक वाटतो. जलनेतीने दृष्टी तेज होते, स्मरणशक्ती वाढते असे सांगणाऱ्यांनी निदान इतका तरी सावधपणा दाखवावा.

आता चिमूट. अंगठा आणि तर्जनी यांच्यात बारीक मीठ साधारण पाव ते अर्धा ग्रॅम येते. त्यात तुमची चिमूट आणि तुमच्या धाकट्या बहिणीची चिमूट यांत फरक दुपटीचा सहज असू शकतो. पाव लिटरच्या लोट्यात अर्धा ग्रॅम मीठ म्हणजे शेकडा ०.२. हवे किती? शेकडा ०.९, म्हणजे पाव लिटरला सव्वादोन ग्रॅम. चिमूट टाकणारा माणूस आपण मिठाचे पाणी घेतले अशा समजुतीने नाकात जवळजवळ साधे पाणीच ओतत असतो!

साधे पाणी नाकात गेले की कशी झिणझिणी येते, हे पोहायला शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कारण तर्षण. हल्लीच्या पाठ्यपुस्तकांत याला परासरण म्हणतात. बटाट्याची फोड साध्या पाण्यात ठेवली तर ताठ होते आणि दाट मिठाच्या पाण्यात ठेवली तर लुळी पडते, हा प्रयोग तुम्ही केला असेल. पेशीभोवतीचे पटल पाण्याला वाट देते, पण त्यात विरघळलेल्या क्षारांना सहजी देत नाही. त्यामुळे पाणी विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते. नाकातल्या पेशी आत खारट असतात. बाहेर साधे पाणी आले की ते पेशींत शिरू लागते, पेशी फुगतात आणि तेथल्या मज्जातंतूंची टोके तक्रार करतात.

हा जोर किती, याचा हिशोब करण्यासारखा आहे. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ म्हणजे सुमारे ०.१५४ मोल. मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन सुटे होतात, म्हणून कणांचा हिशोब ०.३०८ मोल. व्हांट हॉफच्या नियमाप्रमाणे याला वायुस्थिरांक ०.०८२ आणि शरीराचे तापमान ३१० केल्व्हिन यांनी गुणा. उत्तर येते सुमारे पावणेआठ वातावरण. प्रत्यक्षात थोडे कमी, साडेसातच्या आसपास. म्हणजे पंचाहत्तर मीटरहून उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब! लोट्यातले पाणी नाकाच्या वर जेमतेम दहा सेंटिमीटर असते. त्या दाबाने काही दुखत नाही. दुखवते ते मिठाच्या कमतरतेमुळे उभे राहणारे हे अदृश्य ओझे. पेशी काही फुग्यासारख्या फटाफट फुटत नाहीत, अस्तराला स्वतःचे संरक्षण असते. पण झोंबते का, याचे उत्तर या आकड्यात आहे.

०.९ हा आकडा एका डच शास्त्रज्ञाच्या कामातून आला. हार्टोग हॅम्बर्गर याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रक्तातल्या तांबड्या पेशी निरनिराळ्या दाटपणाच्या मिठाच्या पाण्यात ठेवून पाहिल्या. पाणी फार विरळ असेल तर पेशी फुटून रंग बाहेर येतो. शेकडा ०.९ च्या सुमारास त्या सुखरूप राहतात. अशा द्रावणाला समपरासारी म्हणतात, आणि रुग्णालयात शिरेतून देतात ते 'सलाईन' हेच. तुमचे अश्रूही जवळपास इतकेच खारट असतात. म्हणून द्रावण अश्रूंइतके खारट लागावे ही जुनी खूण वाईट नाही, पण जिभेवर विसंबणे म्हणजे हाताने ताप पाहण्यासारखे आहे. विस्कॉन्सिनच्या प्रयोगात मीठ याहून दाट, शेकडा २ होते. दाट द्रावण सुजलेल्या अस्तरातले पाणी ओढून घेते, पण झोंबतेही अधिक. ती निवड डॉक्टरांवर सोडावी.

'कोमट' हा शब्द मला याहून जास्त खटकतो. तो फक्त तापमान सांगतो, इतिहास सांगत नाही. एक पाणी उकळून मग कोमट झालेले असते. दुसरे गीझरच्या नळातून थेट आलेले, किंवा गरम पाण्यात गार मिसळून केलेले. दोन्हींत थर्मामीटर बुडवला तर पारा ३७ अंशांवरच उभा राहील. नाकाच्या दृष्टीने मात्र ही दोन पाणी अगदी भिन्न आहेत.

गोड्या, उबदार पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा एक अमीबा राहतो. १९६५ साली ऑस्ट्रेलियातील फाउलर आणि कार्टर यांनी अशा अमीबामुळे झालेल्या मेंदूच्या रोगाचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. फाउलरचेच नाव त्याला मिळाले. हा जीव सुमारे ४६ अंश सेल्सिअसपर्यंत वाढू शकतो. तो असलेले पाणी तुम्ही प्यालात तर काही होत नाही. पण तेच पाणी नाकात खोलवर गेले, तर तो गंधाच्या मज्जातंतूंच्या वाटेने, चाळणीसारखी भोके असलेल्या एका पातळ हाडातून थेट मेंदूत पोहोचतो. रोग फार दुर्मिळ आहे, पण झालेल्यांपैकी बहुतेक सर्व रुग्ण दगावतात. पिण्यास योग्य पाणी नाकास योग्य असतेच असे नाही, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठेच नसते, आणि ती असायला हवी असे माझे ठाम मत आहे.

२०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात दोन प्रौढ माणसे या रोगाने दगावली. दोघेही नळाचे पाणी नेतीच्या पात्रात घेऊन नाक धूत असत. तपासात अमीबा सापडला तो त्यांच्या घरांतील नळव्यवस्थेच्या पाण्यात. शहराला पुरवल्या जाणाऱ्या पाण्यात तो सापडला नाही. म्हणजे नगरपालिकेचे पाणी शुद्ध आहे एवढ्यावर भागत नाही. आपल्याकडे ते पाणी गच्चीवरच्या टाकीत जाते. नागपूर-चंद्रपूरकडच्या वाचकांना मे महिन्यात दुपारी नळ सोडला की कसे पाणी येते ते सांगायला नको. ऊन लागून पाण्यातला क्लोरीन उडून जातो, तळाशी गाळ साचतो, आणि उबेची सोय सूर्य करतो. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबांमुळे होणाऱ्या मेंदूच्या रोगाचे अनेक रुग्ण आढळले. त्याचा संबंध मुख्यतः तळी, विहिरी अशा पाण्याशी लावला गेला, नेतीशी नव्हे, आणि वेळीच ओळखल्यामुळे काही रुग्ण वाचलेही. पण वाट तीच, नाकाची.

यावर जुनेजाणते नेतीवाले म्हणतात, "आम्ही चाळीस वर्षे नळाच्या पाण्याने करतो आहोत, काय झाले?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. बहुतेकांना काहीच होत नाही. रस्ता न पाहता ओलांडणारा माणूसही बहुतेक दिवशी पलीकडे सुखरूप पोहोचतो. येथे तराजूच्या एका पारड्यात अत्यंत दुर्मिळ पण जवळजवळ हमखास मरण आहे, आणि दुसऱ्या पारड्यात पातेलेभर पाणी उकळण्याचा खर्च. मला तर यात विचार करण्यासारखे काही दिसत नाही.

उकळणे म्हणजे काय, हेही सांगावे लागेल. तळाशी बारीक बुडबुडे आले म्हणजे पाणी उकळले नव्हे, ती बहुधा विरघळलेली हवा बाहेर पडत असते. सगळे पाणी खदखदू लागल्यावर पूर्ण एक मिनिट तसेच राहू द्यावे. डोंगरावर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून २००० मीटरहून अधिक उंचीवर तीन मिनिटे सांगतात. आपल्याकडे त्याची काळजी नको, कारण महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटरच आहे. मग झाकण ठेवून पाणी आपोआप निवू द्यावे. लवकर निववण्यासाठी त्यात नळाचे गार पाणी ओतले, की सगळे मुसळ केरात!

पाणी एका नाकपुडीतून दुसरीत कसे जाते? नाकाच्या दोन पोकळ्या मागे एकमेकींना मिळतात, म्हणजे ही एक यू-नळी झाली. डोके पुढे वाकवून एका बाजूला कलते केले की एक नाकपुडी वर आणि दुसरी खाली येते. तोंडाने श्वास चालू ठेवला की मऊ टाळू मागचा रस्ता अडवतो आणि पाणी घशात उतरत नाही. बोलायचा किंवा गिळायचा प्रयत्न केला की ही व्यवस्था बिघडते. म्हणून त्या वेळी हसवू नये.

पुष्कळ जण चूक करतात ती नंतर. पाणी निथळले की एक नाकपुडी दाबून दुसरी जोराने शिंकरतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नाक शिंकरताना आतला दाब सरासरी ६६ मिलिमीटर पाऱ्याइतका भरला, तर शिंकताना पाचच्याही खाली! सहासष्ट मिलिमीटर पारा म्हणजे जवळजवळ नव्वद सेंटिमीटर पाणी, लोट्याच्या दाबाच्या नऊ पट. या दाबाने नाकातला द्राव कोटरांत ढकलला जातो, हेही त्या प्रयोगात दिसले. म्हणजे जे पाण्याने सौम्यपणे बाहेर काढले, ते आपण पिचकारीने आत भरतो. कानाकडे जाणारी नळीही तेथेच उघडते. तेव्हा दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून, वाकून, हलक्या फुंकरींनी पाणी काढावे.

कान दुखत असेल, नाकातून रक्त येत असेल, नाक पुरते बंद असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये, आणि लहान मुलांना तर मुळीच करू देऊ नये. ताप आहे, डोळ्याभोवती सूज आली आहे, तर लोटा बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. आणखी एक. 'माझे सायनस दुखते' असे म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना खरे तर अर्धशिशी असते. २००४ च्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत असे म्हणणाऱ्या २९९१ जणांपैकी ८८ टक्क्यांची लक्षणे अर्धशिशीशी जुळली. त्यांनी नाक कितीही धुतले तरी डोके दुखायचे थांबणार कसे?

शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या प्रयोगशाळेत तराजू असतोच. एका तासाला विद्यार्थ्यांना घरातला चहाचा चमचा आणायला सांगा. बारीक मीठ सपाट भरून वजन करू द्या. पाच मिलिलिटरच्या मापी चमच्यात सुमारे ६ ग्रॅम बसते. घरचे चमचे त्याहून लहान-मोठे निघतील, आणि खड्यांच्या मिठाने आकडा पुन्हा बदलेल, कारण खड्यांमध्ये हवा असते. औषधांच्या दुकानात नाक धुण्यासाठी मोजून भरलेल्या पुड्या मिळतात, त्यांत मिठाबरोबर थोडा खाण्याचा सोडा असतो. त्या घेतल्या तर हा खटाटोप नको. पण घरचेच मीठ वापरायचे असेल तर सव्वादोन ग्रॅम जेथपर्यंत येते तेथे चमच्यावर खिळ्याने रेघ ओढावी, आणि तो चमचा घासून, कोरडा करून लोट्यातच ठेवावा. लोटाही प्रत्येकाचा वेगळा, वापरल्यावर उकळलेल्या पाण्याने विसळून पालथा घातलेला.